अंगणात पक्ष्याचं पिल्लू दिसलं तर: आधी बघा, मगच उचला

जमिनीवर बसलेलं पिल्लू दिसलं की आपला हात आपसूक पुढे जातो. तो हात थोडा वेळ मागे ठेवता आला तर निम्मं काम झालं. अंगणात सापडणाऱ्या पिल्लांपैकी बरीचशी पडलेलीही नसतात आणि पोरकीही नसतात. घरटं सोडायची वेळ झाली म्हणून ती स्वतःहून खाली उतरलेली असतात आणि त्यांचे आईबाप जवळच्या झाडावरून आपल्याकडे चिडून बघत असतात. अशा पिल्लाला आपण खोक्यात घालून घरात आणतो तेव्हा आपल्या लेखी ती सुटका असते, त्यांच्या लेखी अपहरण. त्यामुळे या लेखातला मोठा भाग ‘काय करायचं’ यापेक्षा ‘काही करायची गरज आहे का’ हे ओळखण्यावर आहे. चूक होते ती बहुतेक वेळा तिथेच.

थांबायचं नाही अशा वेळा

आधी लांबूनच नीट बघा. पुढच्यापैकी काहीही दिसलं तर वाट बघण्यात अर्थ नाही, पिल्लू उचलावंच लागेल:

- रक्त, उघडी जखम, लोंबणारा पंख, वाकडा पडलेला पाय
- मांजराने किंवा कुत्र्याने तोंडात धरलेलं असणं, जखम दिसत नसली तरीही
- अंगावर मुंग्या, किंवा पिसांत तांदळाच्या कणीसारखी पिवळट पांढरी माशीची अंडी
- कुशीवर पडून राहणं, मान सावरता न येणं, उघड्या चोचीने धापा टाकणं
- पिसं नसलेलं पिल्लू हाताला गार लागणं
- जवळच मोठा पक्षी मरून पडलेला असणं

मांजराबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे बरेच जण फसतात. पिल्लू मांजराच्या तोंडातून सोडवलं, ते टुणटुणीत दिसतंय, म्हणून लगेच झुडपात सोडून दिलं जातं. पण मांजराच्या लाळेत पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. त्याचे दात सुईसारखे असल्यामुळे जखम पिसांखाली दिसतसुद्धा नाही. हा संसर्ग रक्तात पसरला की पिल्लू एकदोन दिवसांत दगावू शकतं. त्याला काही तासांच्या आत प्रतिजैविक मिळायला हवं आणि ते पशुवैद्यच देऊ शकतो. मांजराने धरलेलं प्रत्येक पिल्लू जखमीच समजायचं, हा नियम बिनअपवाद पाळा.

पिल्लाचं वय ओळखा

तातडीचं काही नसेल तर पुढचा प्रश्न वयाचा. झाडावर घरटं करणाऱ्या छोट्या पक्ष्यांच्या पिल्लांच्या ढोबळमानाने तीन अवस्था असतात.

अगदी नवजात पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, अंग उघडं आणि गुलाबी असतं, फार तर कुठेकुठे लव दिसते. ते जमिनीवर असेल तर पडलेलंच असतं, तिथे शंकेला जागा नाही.

काही दिवसांनी डोळे उघडतात आणि अंगावर पिसांच्या निळसर करड्या नळ्या फुटतात. पिल्लू काटेरी दिसतं. पायावर नीट उभं राहता येत नाही, पोटावर बसतं किंवा फरफटत सरकतं. याचीही जागा घरट्यातच.

तिसरी अवस्था सगळ्यांत जास्त गोंधळ उडवते. अंग पिसांनी झाकलेलं, डोक्यावर थोडी लव शिल्लक, शेपूट आखूड, चोचीच्या कोपऱ्यात पिवळट किंवा फिकट मांसल कडा. ते उड्या मारतं, फांदी घट्ट पकडतं, पंख फडफडवून हातभर उंच जातं आणि धपकन खाली येतं. दिसायला केविलवाणं, पण तब्येतीने ठणठणीत. बुलबुल, साळुंकी अशा पक्ष्यांची पिल्लं उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि पुढचे काही दिवस, कधीकधी दोन आठवडेही, जमिनीवर आणि खालच्या फांद्यांवर काढतात. आईबाप त्यांना तिथेच येऊन भरवतात. हे धोक्याचं असतं हे खरं, आणि या दिवसांत बरीच पिल्लं मरतातही. तरी घरट्यात राहणं याहून सुरक्षित असतंच असं नाही. एकाच जागी सगळी पिल्लं सापडली तर साप किंवा कावळा एका फेरीत सगळं कुटुंब संपवतो. चार झुडपांत चार पिल्लं विखुरली तर एखादं तरी वाचतं.

उड्या मारणारं पिल्लू असेल तर

अशा पिल्लाला घरट्यात परत ठेवू नका. ते पुन्हा बाहेर उडी मारेल, आणि त्या गडबडीत अजून तयार नसलेली भावंडंही बाहेर पडतील.

ते रस्त्यावर, रणरणत्या उन्हात किंवा कुत्र्याच्या वाटेत असेल तर ओंजळीत उचलून जवळच्याच दाट झुडपात किंवा खालच्या फांदीवर ठेवा. जवळच म्हणजे हाकेच्या अंतरावर, काही पावलांवर. आईबाप पिल्लाला मुख्यतः आवाजावरून शोधतात. पलीकडच्या बागेत छान झाडी आहे म्हणून तिथे नेऊन ठेवलं तर ते त्यांच्या दृष्टीने हरवलं.

मग तिथून निघून जा, खरोखर निघून जा. खिडकीच्या आतून किंवा बऱ्याच लांबून, आडोशाने, तासदोन तास लक्ष ठेवा. तुम्ही पाच पावलांवर उभे राहून ‘आई येते का’ बघत असाल तर ती येणार नाही, कारण त्या क्षणी शिकारी तुम्ही आहात. भरवणं दोनतीन सेकंदांत उरकतं: पक्षी येतो, चोच घशात घालतो, उडून जातो. तेवढ्यात मोबाइलकडे बघितलंत तर तुम्ही ‘कोणीच आलं नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे व्हाल. म्हणून इतर खुणाही बघा. मोठा पक्षी चोचीत अळी धरून फांद्यांवर अस्वस्थ फिरतोय, वरून सारखा कर्कश ओरडतोय, पिल्लाजवळ ताजी पांढरी विष्ठा आहे, या सगळ्याचा अर्थ एकच: संसार सुरू आहे. पिल्लू गप्प बसलं म्हणजे आजारी असंही नाही. धोक्याची हाक आली की दबून, गप्प राहायचं हे त्याला उपजत कळतं.

या काळात तुमच्याकडून खरी मदत एकच होऊ शकते: मांजरं घरात, कुत्रा दोरीला. शेजाऱ्यांनाही सांगा. लहान मुलांना खिडकीतून बघू द्या, जवळ नेऊ नका. पिल्लाशेजारी पाण्याची वाटी ठेवण्याचा मोह आवरा. त्याला लागणारं पाणी भरवलेल्या किड्यांतून मिळतं आणि खोलगट भांड्यात ते बुडू शकतं. संध्याकाळी ते उघड्या जमिनीवरच असेल तर पोहोचेल तितक्या उंच, पानं दाट असलेल्या फांदीवर बसवा.

दोन तास नीट लक्ष ठेवूनही कोणी फिरकलं नाही आणि पिल्लाचा आवाज क्षीण होत चालला असेल, तर मात्र जाणकाराला फोन करायची वेळ झाली.

उघडं किंवा काटेरी पिल्लू असेल तर

इथे आधी एक गैरसमज बाजूला काढू. ‘माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात’ हे खोटं आहे. मुलांनी घरट्यांत हात घालू नयेत म्हणून मोठ्यांनी पसरवलेली ही भीती असावी, आणि तेवढ्यापुरती ती उपयोगीही आहे. पण पिल्लू वाढवण्यात आईबापांचे कष्ट इतके गेलेले असतात की वासासारख्या कारणाने ते त्याला सोडत नाहीत. घरट्याजवळ वारंवार ये-जा केली तर मात्र ते बिथरतात. म्हणून काम एका फेरीत उरका.

पिल्लाच्या अंगाखालून बोटं घालून, पाय पोटाखाली दुमडलेले ठेवून उचला. गार लागत असेल तर लगेच घरट्यात ठेवू नका. आधी ओंजळीत धरून किंवा फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीला टेकवून ऊब द्या. गारठलेलं पिल्लू चोच उघडत नाही, आणि चोच न उघडणाऱ्या पिल्लाला आईबाप भरवत नाहीत. ते वळवळायला आणि चोच वासायला लागलं की परत ठेवण्याजोगं झालं.

घरटं शोधताना वर बघा. सहसा ते सरळ वरच्याच फांद्यांत, वेलीत, पन्हळीच्या वळचणीत किंवा भिंतीच्या भोकात असतं. आतली भावंडं त्याच वयाची आणि तशीच दिसणारी आहेत ना, याची खात्री करून घ्या. शिडीवर चढणार असाल तर खाली दुसरा माणूस हवाच. पिल्लापायी स्वतःचा पाय मोडून घेतलेल्या भल्या माणसांची जगात कमतरता नाही.

घरटं मोडलं असेल किंवा हाताला येत नसेल तर पर्यायी घरटं करता येतं आणि ते बऱ्याचदा चालतं. बुलबुलाएवढ्या पक्ष्यासाठी वीतभर रुंदीचं, चारपाच बोटं खोल प्लास्टिकचं भांडं किंवा वेताची परडी घ्या. भांड्याच्या तळाला पाणी निघून जाईल अशी भोकं पाडा. आत सुकं गवत किंवा सुकी पानं दाबून मधे खळगा करा. जुन्या घरट्याचे अवशेष मिळाले तर तेच वापरा. कापूस किंवा लोकर नको, तंतू पायाला आणि जिभेला गुंडाळतात. ओलं हिरवं गवतही नको, ते पिल्लाला गारठवतं. परडी त्याच झाडावर, मूळ घरट्याच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत, तारेने पक्की बांधा. हलणारी परडी पक्ष्यांना पसंत पडत नाही. ती फार खोलही नको, कडेवर बसलेल्या आईला पिल्लू दिसलं पाहिजे.

मूळ घरट्यात भावंडं असतील आणि तुम्ही पडलेलं एकटंच परडीत ठेवलंत, तर आईबाप जुन्याच पत्त्यावर फेऱ्या मारत राहण्याची शक्यता असते. अशा वेळी शिडीची खटपट करून त्याला भावंडांतच ठेवणं बरं. आणि परत ठेवलेलं पिल्लू दुसऱ्यांदा खाली आलं तर पुन्हा वर चढवत बसू नका. त्याच्यात काहीतरी बिघाड असू शकतो, तज्ज्ञाला दाखवा.

आदल्या संध्याकाळी कोणीतरी पिल्लू घरी नेलं आणि आता चूक कळली, असंही होतं. त्यात उशीर झाला असं समजू नका. तब्येत चांगली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जिथून उचललं तिथेच नेऊन ठेवा आणि वर सांगितल्याप्रमाणे लांबून लक्ष ठेवा. आईबाप बहुधा अजून शोधत असतात.

ज्यांना हे नियम लागू नाहीत

पाकोळी हा सगळ्यांत मोठा अपवाद. लांब, कोयत्यासारखे पंख, अगदी आखूड पाय आणि रुंद जिवणीची इवलीशी चोच असलेला पक्षी जमिनीवर दिसला तर ते उड्या मारत उडायला शिकणारं पिल्लू नव्हे. पाकोळीचं पिल्लू पाचसहा आठवडे घरट्यात राहतं आणि बाहेर पडतं ते थेट उडतच. एकदा बाहेर पडलं की आईबाप त्याला भरवत नाहीत, आणि सपाट जमिनीवरून उडणं त्याला फार अवघड जातं. त्याला हवेत भिरकावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका; पंख पुरे वाढलेले नसतील किंवा आत मार लागलेला असेल तर ते दगडासारखं खाली येतं. त्याला खोक्यात घालून तज्ज्ञाकडेच न्या.

पारवे आणि होले यांची पिल्लं पिवळट केसाळ लव आणि मोठी, मऊ चोच यांवरून ओळखू येतात. ती चोच वासून अन्न मागत नाहीत. आईबापांच्या तोंडात चोच घालून घशाच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं खाद्य ओढून घेतात. त्यामुळे त्यांच्या चोचीत वरून काही कोंबणं फारच घातक.

घुबडांची पिल्लंही उडता येण्याआधी घरट्याबाहेर फांद्यांवर हिंडतात आणि खाली पडली तर खोडावर चढूनही जातात. धडधाकट असेल तर जाड टॉवेलमध्ये उचलून फांदीवर ठेवा, पण नख्या सांभाळा आणि डोक्यावरही लक्ष असू द्या. घुबडाची आई मागून येते आणि आवाज करत नाही.

टिटवी, बदक, कोंबडीच्या जातीचे पक्षी यांची पिल्लं जन्मतःच लवदार आणि चालती असतात. त्यांना घरट्याशी देणंघेणं नसतं, आईशी असतं. एकटं दिसलं तर आसपास कुटुंब शोधा, लांबूनच त्या दिशेला हाका, आणि नाहीच सापडलं तर मदत मागा.

पोपट, तांबट, खंड्या असे ढोलीत किंवा बिळात वाढणारे पक्षी घरटं सोडतात तेव्हा बऱ्यापैकी उडू शकतात. त्यांचं पिल्लू जमिनीवर खुरडत असेल तर काहीतरी बिनसलंय असंच धरून चाला.

आणि हो, कावळा भलत्याच दिसणाऱ्या पिल्लाला भरवताना आढळला तर गोंधळू नका. ते कोकिळेचं असेल. कावळ्यालाच हरकत नाही तर आपण कशाला मधे पडायचं?

उचलायचं ठरलं तर

आधी खोकं तयार करा, मग पिल्लाकडे वळा. झाकण असलेलं पुठ्ठ्याचं खोकं, बाजूंना पेन्सिलीच्या जाडीची भोकं, तळाशी मऊ सुती फडकं. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फाशांत नखं अडकतात. लहान पिल्लासाठी टिशू पेपर किंवा फडक्याची चुंबळ करून तिच्या खळग्यात त्याला बसवा, म्हणजे पाय फाकत नाहीत. तारेचा पिंजरा वापरू नका. धडपडीत पिसं मोडतात.

मोठं आणि धडपडणारं पिल्लू असेल तर वरून हलकं फडकं टाका आणि पंख अंगाशी मिटलेले राहतील असं दोन्ही हातांत धरा. छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) नसतं, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच हवा आत जाते. मुठीत घट्ट धरलेला पक्षी तुमच्या प्रेमाने गुदमरतो.

नंतर ऊब. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा पिल्लाला दूर सरकता येईल. उघड्या पिल्लाला साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. जे पिल्लू स्वतः सरकू शकत नाही त्याच्या शेजारी बाटली ठेवा, अंगाखाली नको. चोच उघडून धापा टाकायला लागलं तर ऊब जास्त झाली. पाणी तासादीड तासाने बदलावं लागेल. थंड झालेली बाटली उलट त्याच्या अंगातली ऊब शोषते.

झाकण लावा, खोकं शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा, आणि विसरा. दर दहा मिनिटांनी उघडून बघणं, कुरवाळणं, फोटो, मुलांना दाखवणं, सगळं बंद. हातात निमूट बसलेलं वन्य पिल्लू निवांत नसतं, भीतीने गोठलेलं असतं. खिडकीच्या काचेवर आपटून सुन्न झालेला पक्षीसुद्धा असा अंधारात तासदोन तास ठेवल्यावर बऱ्याचदा सावरतो, तरी त्याला दाखवून आणलेलं चांगलं.

मोडलेल्या पंखाला घरी पट्टी बांधू नका. पायाला दोरा गुंडाळला असेल तर ओढू नका. झाडाला किंवा घरट्याला लटकत असेल तर दोरा कापून सोडवा, पण पायातला गुंता वैद्याला काढू द्या.

भरवायचं का?

नाही. हे उत्तर वाचकांना आवडत नाही हे माहीत आहे. उपाशी पिल्लासमोर हात बांधून बसणं जिवावर येतं. पण माणसाच्या हातची पिल्लं भुकेपेक्षा भरवण्यानेच जास्त लवकर मरतात.

पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या मुळाशी उघडते. ड्रॉपरने टाकलेला पाण्याचा थेंब सहज फुप्फुसात जातो. म्हणून पाणीसुद्धा पाजायचं नाही. दूध त्यांना पचत नाही, पावाला पोषण नाही आणि तो पोटात फुगतो. गारठलेल्या पिल्लाची पचनक्रिया मंदावलेली असते, त्याच्या पोटात अन्न तसंच पडून राहतं. शिवाय कोणाला किडे लागतात, कोणाला फळं, कोणाला दाण्याचा लगदा. खाणं चुकलं तर कॅल्शियमच्या कमतरतेने हाडं वाकतात आणि ते पिल्लू मोठं होऊनही उडत नाही. छोट्या पक्ष्याच्या पिल्लाला पहाटेपासून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने, कधी त्याहूनही लवकर भरवावं लागतं. ही नोकरी असते, छंद नव्हे.

रात्री मात्र दिवसाचे पक्षी पिल्लांना भरवत नाहीत. संध्याकाळी सापडलेल्या पिल्लाला उबेत, अंधारात ठेवून पहाटे मदत मिळवली तरी चालतं. फोनवर जाणकाराने पिल्लाचा फोटो बघून काही विशिष्ट द्यायला सांगितलं, तर तेवढंच आणि तसंच द्या.

कोणाकडे न्यायचं

वन्यजीव बचाव केंद्र, वनखातं, पक्ष्यांवर उपचार करणारे पशुवैद्य, किंवा पक्षीनिरीक्षकांचा गट, यांपैकी जे जवळ असेल तिथे निघण्याआधी फोन करा; प्रत्येक ठिकाणी पक्षी घेतातच असं नाही. बहुतेक देशांत वन्य पक्षी परवान्याशिवाय घरी ठेवायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे ‘मोठं झालं की सोडू’ हा बेत नको. माणसांत एकट्याने वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं समजायला लागतं आणि मांजर ओळखायला शिकत नाही.

फोनवर चार गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: नेमकं कुठे सापडलं, किती वाजता, काय घडताना पाहिलं, आणि तुम्ही त्याला काही खायला-प्यायला दिलंय का. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या, उपचार त्यावर ठरतात. जागा कागदावर लिहून खोक्याला चिकटवा, कारण बरं झालेलं पिल्लू शक्यतो त्याच जागी सोडायचं असतं. गाडीत गाणी नकोत, एसीचा झोत खोक्यावर नको.

हात साबणाने धुवा, आधीही आणि नंतरही. पक्ष्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा जिवाणू असू शकतो आणि पिसांत उवा-गोचिड्या. खोकं स्वयंपाकघरात ठेवू नका. एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले, किंवा मान वाकडी होऊन झोकांड्या खाणारे पाणपक्षी दिसले तर अजिबात हात लावू नका. बर्ड फ्लूची शक्यता असते, पशुसंवर्धन खात्याला कळवा.

पिल्लू अंगणातच राहिलं असेल तर पुढचे दोन आठवडे अंगणात थोडी आवराआवर करा. पाण्याच्या पिंपांवर झाकणं घाला, बादल्या उपड्या करा, फळझाडांवरची सैल जाळी काढा किंवा ताणून बांधा, उंदरांसाठीचे चिकट सापळे उचला आणि कीटकनाशकाची फवारणी पुढे ढकला, कारण त्याच अळ्या सध्या त्याच्या पोटात जातायत. कुंपणाची छाटणीही तोवर राहू द्या. त्यात दुसरं घरटं असू शकतं.